पिकांना पाणी केव्हा हवे? : वाढीच्या नाजूक अवस्थांचा परिचय

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• पिकाच्या ‘नाजूक अवस्था’ या संकल्पनेचा अर्थ सांगता येईल.
• फुलोऱ्याच्या काळातील पाण्याचा ताण अधिक हानिकारक का ठरतो, हे स्पष्ट करता येईल.
• गहू, ज्वारी, हरभरा, भुईमूग व मका या पिकांच्या नाजूक अवस्था ओळखता येतील.
• पाणी अपुरे असताना ते केव्हा द्यावे, याचा सकारण निर्णय घेता येईल.
• पीकवाढीच्या अवस्था दर्शविणाऱ्या मराठी शब्दांचे महत्त्व सांगता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अशी कल्पना करा की रब्बीचा हंगाम चालू आहे. आपल्या शेतात दोन एकर गहू आणि एक एकर हरभरा उभा आहे. डिसेंबर उजाडला आहे. विहिरीतील पाण्याची पातळी रोज खाली जात आहे आणि अनुभवावरून आपल्याला ठाऊक आहे की, फार तर आणखी दोन पाळ्या होतील एवढेच पाणी मिळणार आहे. या दोन पाळ्या केव्हा द्यायच्या? आज पिकाची पाने थोडी मलूल दिसतात म्हणून आजच द्यायचे, की थांबायचे? अगोदर गव्हाला द्यायचे की हरभऱ्याला?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न कल्पनेतला नसून दरवर्षीचा असेल. महाराष्ट्रातील बहुसंख्य शेतजमीन पावसावर अवलंबून आहे. जेथे विहीर, शेततळे किंवा कालवा आहे तेथेही हंगामभर पुरेल एवढे पाणी सर्वांना मिळतेच असे नाही. त्यामुळे ‘पिकाला किती पाणी लागते’ या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ‘पिकाला पाणी केव्हा लागते’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. चुकीच्या वेळी दिलेल्या दोन पाळ्यांपेक्षा योग्य वेळी दिलेली एक पाळी अधिक धान्य देऊन जाते. असे का होते, ते या घटकात आपण पाहणार आहोत.

भाषेच्या विद्यार्थ्याने या विषयाकडे का वळावे, अशी शंका आपल्या मनात येईल. शास्त्रीय माहिती सुबोध मराठीत मांडणे हा व्यावहारिक मराठीच्या अभ्यासाचा एक भाग आहे. शिवाय या विषयाचे शब्दभांडार आपल्या भाषेत पूर्वीपासूनच समृद्ध आहे. त्याचा विचार आपण विभाग ५ मध्ये करू.

२. नाजूक अवस्था म्हणजे काय?

वनस्पती मुळांवाटे जेवढे पाणी घेते, त्यातील फारच थोडा भाग तिच्या शरीरात राहतो. बाकीचे पाणी पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, वाफेच्या रूपाने बाहेर पडते. या क्रियेला बाष्पोच्छ्वास म्हणतात. याच रंध्रांतून अन्ननिर्मितीसाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड आत येतो. जमिनीतील ओल कमी झाली की वनस्पती पाणी वाचविण्यासाठी रंध्रे मिटून घेते. त्यामुळे पाणी वाचते; परंतु कार्बन डायऑक्साइडचा मार्गही बंद होतो आणि अन्ननिर्मिती मंदावते. पाणी वाचविण्याची किंमत वनस्पतीला उपासमारीने मोजावी लागते, असे म्हणता येईल.

ही उपासमार सर्वच काळात सारखी घातक नसते. पिकाच्या आयुष्यातील ज्या काळात पाण्याचा ताण पडल्यास उत्पादनात मोठी आणि पुढे भरून न येणारी घट होते, त्या काळाला पिकाची नाजूक किंवा संवेदनक्षम अवस्था म्हणतात. या व्याख्येतील ‘भरून न येणारी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पाने वाढण्याच्या काळात आठवडाभर ताण पडला आणि नंतर पाणी मिळाले, तर पीक नवीन पाने काढून बरीचशी भरपाई करते. परंतु फुलोऱ्यात ताण पडून दाणेच धरले नाहीत, तर नंतर कितीही पाणी दिले तरी ते दाणे परत येत नाहीत.

धान्यपिकाचे उत्पादन स्थूलमानाने तीन गोष्टींवर ठरते : कणसांची किंवा ओंब्यांची संख्या, प्रत्येक कणसातील दाण्यांची संख्या आणि प्रत्येक दाण्याचे वजन. या तीन गोष्टी वेगवेगळ्या वेळी निश्चित होतात. फुटवे फुटताना पहिली, कणीस पोटरीत असल्यापासून फुलोरा संपेपर्यंत दुसरी आणि दाणा भरताना तिसरी. कोणत्या वेळी ताण पडला यावरून कोणत्या गोष्टीला फटका बसेल, हे सांगता येते.

फुलोऱ्याच्या काळात दाण्यांच्या संख्येवर परिणाम कसा होतो, ते मक्याच्या उदाहरणावरून समजते. मक्याच्या शेंड्यावर तुरा येतो; त्यात परागकण असतात. कणीस मात्र खाली, खोडाच्या बाजूस धरते आणि त्यातून रेशमासारखे स्त्रीकेसर बाहेर येतात. प्रत्येक केसर एका भावी दाण्याशी जोडलेला असतो. पाण्याचा ताण पडला की केसर बाहेर येण्यास उशीर होतो. तुऱ्यातील पराग मात्र जवळजवळ ठरल्या वेळी झडून जातो. केसर बाहेर पडतात तेव्हा पराग संपलेला असतो. परिणामी कणीस बाहेरून धड दिसते, पण सोलल्यावर त्यात मधूनमधून दाणेच नसतात.

३. ताणाचे मोजमाप

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७९ साली डोरेनबोस व कासम या शास्त्रज्ञांचे पाणी आणि उत्पादन यांच्या संबंधाविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात निरनिराळ्या पिकांसाठी ‘उत्पादन-प्रतिसाद गुणांक’ दिले आहेत. त्यांचा अर्थ सोपा आहे. पिकाला एखाद्या अवस्थेत लागणाऱ्या पाण्यात शेकडा जितकी तूट पडेल, त्या तुटीला गुणांकाने गुणले असता उत्पादनातील शेकडा घट मिळते.

मक्याचे अवस्थानिहाय गुणांक असे आहेत : शाकीय वाढ ०.४, फुलोरा १.५, दाणे भरणे ०.५, पक्वता ०.२. आता समजा, मक्याला कोणत्याही एका अवस्थेत २० टक्के पाणी कमी पडले. मग उत्पादनातील घट पुढीलप्रमाणे येते :

शाकीय वाढीत : २० × ०.४ = ८ टक्के
फुलोऱ्यात : २० × १.५ = ३० टक्के
दाणे भरताना : २० × ०.५ = १० टक्के
पक्वतेत : २० × ०.२ = ४ टक्के

तुटीचे प्रमाण तेवढेच, पण फुलोऱ्यातील नुकसान पक्वतेतील नुकसानीच्या साडेसात पट! ‘केव्हा’ या प्रश्नाचे महत्त्व या आकड्यांतून स्पष्ट होते.

संपूर्ण हंगामाचा विचार केल्यास मक्याचा गुणांक १.२५, तर ज्वारीचा ०.९ आहे. गुणांक एकापेक्षा अधिक असेल तर पाण्याच्या तुटीपेक्षा उत्पादनातील घट मोठी असते. एकापेक्षा कमी असेल तर लहान असते. कमी पाण्याच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी का टिकून राहिली, याचे एक कारण येथे सापडते. हे गुणांक सरासरी आहेत; जमीन, जात व हवामान यांनुसार ते बदलतात, हे मात्र लक्षात ठेवावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) पाण्याच्या ताणामुळे पिकाची अन्ननिर्मिती का मंदावते?
(आ) भुईमुगाचा गुणांक फुलोऱ्यात ०.८ व पक्वतेत ०.२ आहे. प्रत्येक अवस्थेत २५ टक्के तूट पडल्यास उत्पादनात किती घट येईल?

४. प्रमुख पिकांच्या नाजूक अवस्था

पुढे दिलेले दिवस पेरणीपासून मोजलेले आहेत.

४.१ गहू

गव्हाची पहिली नाजूक अवस्था १८ ते २१ दिवसांनी येते. या वेळी जमिनीच्या पृष्ठभागालगत, खोडाच्या तळाशी नवी मुळे फुटतात. त्यांना मुकुटमुळे म्हणतात. पुढे पिकाचा भार याच मुळांवर असतो. वरचा थर कोरडा असेल तर ती नीट फुटत नाहीत आणि फुटव्यांची संख्याही घटते. त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी कांडी धरण्याची, ६० ते ६५ दिवसांनी फुलोऱ्याची व चीक भरण्याची आणि ८० ते ८५ दिवसांनी दाणे भरण्याची अवस्था येते.

पाणी अपुरे असल्यास आपल्या राज्यात सामान्यतः अशी शिफारस केली जाते : एकच पाणी शक्य असेल तर ते ४० ते ४२ दिवसांनी द्यावे, दोन शक्य असतील तर पहिले २० ते २२ दिवसांनी व दुसरे ६० ते ६५ दिवसांनी द्यावे, तीन शक्य असतील तर २० ते २२, ४० ते ४२ आणि ६० ते ६५ दिवसांनी द्यावे.

येथे एक गोष्ट चौकस विद्यार्थ्याला खटकेल. मुकुटमुळांची अवस्था इतकी महत्त्वाची, तर एकमेव पाणी त्याच वेळी का देऊ नये? विचार असा करावा लागतो. भारी काळ्या जमिनीत चांगल्या ओलीवर पेरणी झाली असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे ती ओल पिकाला साथ देते. एकमेव पाणी २१ व्या दिवशी दिले तर पुढचे ऐंशी-नव्वद दिवस पिकाला काहीच मिळणार नाही आणि फुलोरा कोरड्यात सापडेल. मधल्या वेळी दिलेले पाणी दोन्ही टोकांना थोडाथोडा आधार देते. म्हणजेच ‘सर्वांत नाजूक अवस्था कोणती’ आणि ‘हाती असलेले पाणी कोठे सर्वाधिक उपयोगी पडेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाणी-व्यवस्थापनात दुसरा प्रश्न अधिक मोलाचा असतो.

४.२ रब्बी ज्वारी

सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या भागांत रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरली जाते. पाऊस त्यानंतर लवकरच संपतो आणि पीक जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. तिच्या नाजूक अवस्था चार आहेत : जोमदार वाढीची २८ ते ३० दिवसांनी, पोटरीची ५० ते ५५ दिवसांनी, फुलोऱ्याची ७० ते ७५ दिवसांनी आणि दाणे भरण्याची ९० ते ९५ दिवसांनी.

१ ऑक्टोबरला पेरणी झाली असे धरले, तर पोटरीची अवस्था नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि फुलोरा डिसेंबरच्या मध्यास येतो. नेमक्या याच सुमारास वरच्या थरातील ओल सरत आलेली असते आणि काळ्या जमिनीला भेगा पडू लागतात. भेगांतून खालची ओलही उडून जाते. म्हणून पाणी नसलेला शेतकरी कोळपे घेऊन शेतात उतरतो. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही म्हण याच अनुभवातून आली आहे. पेरणीनंतर सुमारे तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करण्याचा प्रघात आहे. शेवटच्या कोळपणीसाठी दातेरी कोळपे वापरतात; त्यामुळे भेगा बुजतात. आठवा आठवडा म्हणजे ५६ वा दिवस, अर्थात पोटरीची अवस्था. पाणी देणे आणि असलेली ओल राखणे या दोन्ही गोष्टी एकाच नाजूक क्षणाभोवती फिरतात, हे येथे दिसून येते.

४.३ हरभरा

हरभऱ्याला फांद्या फुटताना, फुलोऱ्याच्या सुरुवातीस आणि घाटे भरताना ओल हवी असते. परंतु या पिकाचा धडा वेगळा आहे. हरभऱ्याला कमी पाण्याइतकेच जास्त पाणीही बाधते. भारी जमिनीत वरचेवर पाणी दिल्यास पीक नुसते पाल्याने माजते, घाटे कमी धरतात. शेतात पाणी साचून राहिल्यास पीक उभळते. म्हणून हरभऱ्याला हलके पाणी द्यावे आणि तुषार सिंचनाची सोय असल्यास ती वापरावी.

४.४ भुईमूग

भुईमुगाचे फूल जमिनीवर येते आणि शेंग जमिनीखाली धरते. परागीभवनानंतर फुलाच्या तळातून एक टोकदार देठ निघून जमिनीत शिरतो. त्याला आरी म्हणतात. जमीन वाळून कडक झाली असेल तर आऱ्या आत शिरू शकत नाहीत आणि शेंगा धरत नाहीत. म्हणून फुलोरा (२२ ते ३० दिवस), आऱ्या सुटणे (४० ते ४५ दिवस) आणि शेंगा पोसणे (६५ ते ७० दिवस) या तीन अवस्थांत ओल टिकविणे आवश्यक असते. येथे पाणी दोन कामे करते : झाडाची तहान भागविते आणि जमीन मऊ ठेवते.

४.५ ताण देणे : उलट बाजू

काही वेळा पाणी मुद्दाम तोडले जाते. संत्रा, मोसंबी, डाळिंब या फळझाडांना एकाच वेळी भरपूर फुले यावीत म्हणून काही आठवडे पाणी बंद ठेवतात. याला ‘ताण देणे’ म्हणतात. आंबे बहरासाठी हिवाळ्यात, तर मृग बहरासाठी उन्हाळ्यात ताण दिला जातो. ताणाच्या काळात झाडाची पालेवाढ थांबते, अन्नसाठा होतो आणि पाणी पुन्हा सुरू होताच फुले येतात. फुले आल्यावर मात्र ताण पडून चालत नाही. फुले व लहान फळे गळतात. एकच ताण एका अवस्थेत साधन, तर दुसऱ्या अवस्थेत संकट ठरतो.

५. अवस्थांचे शब्द

वरील विवेचनात दिवसांचे आकडे दिले असले, तरी पीक दिनदर्शिका पाहून वाढत नाही. थंडी लांबली तर फुलोरा पुढे जातो. उष्णता वाढली तर अलीकडे येतो. लवकर तयार होणाऱ्या जातीत सर्वच अवस्था आधी येतात. म्हणून आकडे मार्गदर्शक मानावेत, अंतिम साक्ष पिकाची घ्यावी.

ही साक्ष घेण्यासाठी लागणारी भाषा शेतकऱ्यांनी घडविलेली आहे. कणीस अजून पानाच्या वेष्टनात असून खोडाचा वरचा भाग फुगलेला दिसतो, तेव्हा ज्वारी ‘पोटरीत आली’ असे म्हणतात. कणीस बाहेर पडले की पीक ‘निसवले’. दाणा दाबल्यावर पांढरा रस निघाला की तो ‘चिकात’ आहे. थोडा घट्ट, पण अजून कोवळा आणि गोड असला की ‘हुरड्यात’ आहे. गव्हाची ओंबी, भाताची लोंबी, बाजरीचे कणीस, हरभऱ्याचा घाटा, कपाशीचे पाते आणि बोंड असे प्रत्येक पिकाचे वेगळे शब्द आहेत.

हे शब्द केवळ वर्णनासाठी नाहीत. प्रत्येक शब्द एका निर्णयाशी जोडलेला आहे. ‘पोटरी’ हा शब्द ज्याला ठाऊक आहे, त्याला पोटरी दिसते आणि ती दिसली की पाण्याची वेळ कळते. नव्या पिढीच्या बोलण्यातून हे शब्द मागे पडले, तर त्यांच्यासोबत ते निरीक्षणही मागे पडण्याचा धोका आहे. आपण कृषिविषयक लेखन वा भाषांतर कराल, तेव्हा बोजड प्रतिशब्द घडविण्यापूर्वी शेतकऱ्याच्या तोंडी कोणता शब्द आहे, ते अवश्य शोधावे.

६. अपुऱ्या पाण्याचे नियोजन

पाण्याचा हिशेब मांडणे अवघड नाही. एक हेक्टर क्षेत्रावर एक सेंटिमीटर उंचीचे पाणी म्हणजे एक लाख लिटर. पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यायची, तर हेक्टरी पाच लाख लिटर, म्हणजे एकरी सुमारे दोन लाख लिटर पाणी लागते.

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असे, एकास एक उताराचे शेततळे घेतले, तर त्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावते. समजा, बाष्पीभवन व पाझर वजा जाता त्यातील निम्मे, ११ लाख लिटर, हंगामात उरले. एवढ्यात साडेपाच एकरांना एक पाळी किंवा पावणेतीन एकरांना दोन पाळ्या मिळतील. हे पाणी पाने वाढण्याच्या काळात खर्च केले आणि फुलोरा कोरडा गेला, तर शेततळ्याचा निम्मा लाभ वाया जाईल. ठिबक किंवा तुषार पद्धतीने हेच पाणी अधिक क्षेत्राला पुरविता येते.

कालव्याच्या पाण्याबाबत अडचण निराळी असते. कालव्याचे आवर्तन पिकाची अवस्था पाहून सुटत नाही. अशा ठिकाणी आवर्तनाच्या अपेक्षित तारखा आधी माहीत करून घ्याव्यात आणि फुलोरा त्यांच्या जवळपास येईल अशा बेताने पेरणीची तारीख व जात निवडावी. ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५’ या कायद्याने पाणीवापर संस्थांना वाटपाच्या नियोजनात स्थान दिले आहे. संस्थेच्या बैठकीत ‘आमचा गहू कांडीवर केव्हा येतो’ हे तारखेनिशी सांगू शकणारा सभासद नुसती तक्रार करणाऱ्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरतो.

आता प्रास्ताविकातील प्रश्नाकडे परत येऊ. दोन पाळ्या, दोन एकर गहू, एक एकर हरभरा. गव्हाचे पहिले पाणी मुकुटमुळांच्या वेळी आणि दुसरे फुलोऱ्याच्या वेळी द्यावे. हरभऱ्याची ओल टिकून असेल तर त्याला फुलोऱ्याच्या सुरुवातीस एकच हलके पाणी पुरेल. वाचलेले पाणी गव्हाच्या दुसऱ्या पाळीस उपयोगी पडेल. दुपारी पाने मलूल दिसली म्हणून लगेच मोटार सुरू करू नये. सायंकाळी ती सावरतात का, ते पाहावे. सकाळीही पाने मलूलच असतील, तर मात्र ताण खरा आहे. गव्हाचे दाणे भरत असताना जोराचा वारा असेल तर पाणी देऊ नये, पीक लोळते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) भुईमुगात आऱ्या सुटण्याच्या वेळी ओल का आवश्यक असते?
(आ) आपल्या परिसरातील एखाद्या पिकाच्या अवस्थांसाठी वापरले जाणारे बोलीतील पाच शब्द मिळवा व त्यांचे अर्थ लिहा.

७. सारांश

पिकाला सर्व काळात पाणी हवे असले, तरी सर्व काळात त्याची निकड सारखी नसते. ज्या अवस्थेतील ताणामुळे न भरून येणारी घट होते ती नाजूक अवस्था होय. बहुतेक धान्यपिकांत पोटरीपासून फुलोऱ्यापर्यंतचा काळ सर्वाधिक नाजूक असतो, कारण दाण्यांची संख्या तेव्हा ठरते. पाणी अपुरे असताना केवळ सर्वांत नाजूक अवस्था न पाहता जमिनीतील ओल, पिकाचा उरलेला काळ आणि हाती असलेल्या पाळ्या यांचा एकत्र विचार करावा लागतो. दिवसांचे आकडे दिशा दाखवितात. निर्णय पीक पाहून घ्यावयाचा असतो, आणि पीक पाहण्याची भाषा मराठीत उपलब्ध आहे.

८. स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) पाणी वाचविण्यासाठी पर्णरंध्रे मिटतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आत येणे थांबते. (आ) फुलोऱ्यात २० टक्के, पक्वतेत ५ टक्के.
प्रश्न २ : (अ) कोरड्या व कडक जमिनीत आऱ्या शिरू शकत नाहीत व शेंगा धरत नाहीत. (आ) उत्तर परिसरानुसार वेगवेगळे असेल. घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्या शेतकऱ्यांशी बोलून ते तपासून घ्या.

९. सरावासाठी प्रश्न

१. ‘पाणी किती यापेक्षा पाणी केव्हा हा प्रश्न महत्त्वाचा आहे.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. गव्हाला एकच पाणी शक्य असताना ते ४० ते ४२ दिवसांनी देण्यामागील विचार स्पष्ट करा.
३. आपल्या गावातील एका पिकासाठी, पेरणीच्या तारखेसह, पाण्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक तयार करा व ते शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत दोनशे शब्दांत लिहा.